रानातील रोगराई आणि गावाचा गोठा

(ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



इ. स. १९७० साली मध्य प्रदेशातील कान्ह्याच्या राष्ट्रीय उद्यानात बारशिंग्यांची मोजणी झाली, तेव्हा त्यांची संख्या अवघी ६६ भरली. १९३८ च्या सुमारास याच भागात हा प्राणी तीन हजारांच्या आसपास होता, असे जुन्या नोंदी सांगतात. बारशिंग्याच्या या जातीचे वैशिष्ट्य असे की, ती जगात अन्यत्र कोठेही रानात उरलेली नव्हती. दुधव्याचा आणि काझीरंग्याचा बारशिंगा दलदलीत वावरतो. त्याचे खूर पसरट असतात. कान्ह्याचा बारशिंगा कठीण भूमीवर राहणारा, त्याचे खूर घट्ट आणि आटोपशीर. मध्य प्रांतातील वन अधिकारी डनबार ब्रँडर यांचे नाव या पोटजातीला शास्त्रज्ञांनी दिलेले आहे. म्हणजे कान्ह्यातील ते ६६ प्राणी संपले असते, तर ही पोटजातच रानातून संपली असती.

तीस-बत्तीस वर्षांत तीन हजारांचे ६६ कसे झाले? या प्रश्नाचे उत्तर जो तो आपापल्या परीने देत असे. कोणी बंदुकीकडे बोट दाखवी, कोणी वाघाकडे. बंदुकीचा वाटा होताच. तो नाकारण्याचे कारण नाही. वाघही बारशिंगा मारतो. परंतु वाघ आणि बारशिंगा हजारो वर्षे एकाच रानात राहत आले आहेत. जो प्राणी वाघाबरोबर एवढा काळ टिकला, तो एकाएकी वाघामुळेच का संपू लागावा, हा खरा प्रश्न होता.

अमेरिकन शास्त्रज्ञ जॉर्ज शेल्लर हे १९६३ ते १९६५ या काळात कान्ह्यात राहून वाघ आणि हरणे यांचा अभ्यास करीत होते. माद्यांच्या मानाने पाडसे फारच थोडी दिसतात, हे त्यांच्या लक्षात आले. मादीच्या पोटी एका वेळी एकच पाडस, तेही सुमारे आठ महिन्यांच्या गर्भधारणेनंतर. त्यात पाडसेच नाहीशी होऊ लागली, तर कळप वाढणार कसा? गुरांमध्ये गर्भपात घडवून आणणारा ब्रुसेलोसिस नावाचा सांसर्गिक रोग बारशिंग्यांत शिरला असावा, असा संशय त्या वेळी व्यक्त झाला. संशय निराधार म्हणता येत नव्हता. उद्यानाच्या आत गावे होती, गावांची गुरे त्याच कुरणांत चरत आणि त्याच डबक्यांवर पाणी पीत.

पुढे स्वित्झर्लंडचे क्लॉड मार्टिन यांनी १९७० नंतरच्या वर्षांत केवळ बारशिंग्याचा अभ्यास केला, आणि त्यातून गवताची गोष्ट ठळकपणे पुढे आली. बारशिंगा हा जवळजवळ केवळ गवतावर जगणारा प्राणी आहे. चितळाला पाला चालतो, गळलेली फुले-फळे चालतात. बारशिंग्याला तसे चालत नाही. शिवाय पावसाळ्याच्या अखेरीस मादी वितते, तेव्हा ती पाडसाला उंच गवतात दडवून ठेवते. पाडस निपचित पडून राहते, गवत त्याला झाकते. कोल्हा शेजारून गेला तरी त्याला ते दिसत नाही. आता हेच गवत गुरांनी खाऊन बोटभर ठेवले किंवा उन्हाळ्यात वारंवार जाळून विरळ झाले, तर त्या पाडसाला आडोसा कोठला? कोल्हा, बिबट्या, रानकुत्री, वाघ, सर्वांना ते उघडेच सापडणार. हिंस्र पशू तेच होते आणि त्यांची भूकही तीच होती. बारशिंग्याचे लपण्याचे ठिकाण मात्र नाहीसे झाले होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. रोग, हिंस्र पशू आणि उपासमार ही तीन कारणे कागदावर वेगवेगळ्या रकान्यांत लिहिता येतात, रानात ती अशी वेगळी राहत नाहीत. चारा कमी पडलेला प्राणी रोगाला लवकर बळी पडतो. रोगाने मंदावलेला प्राणी वाघाच्या तावडीत आधी सापडतो. आणि पंचनाम्यात मात्र मृत्यूचे कारण ‘वाघाने मारले’ एवढेच नोंदले जाते.

कान्ह्यात यावर दोन उपाय योजण्यात आले. पहिला उपाय कुंपणाचा. मुख्य कुरणाचा एक भाग उंच जाळीने बंदिस्त करून काही बारशिंगे आत ठेवले. वाघ-बिबट्यांना आत शिरकाव नव्हता, गवत मुबलक होते. माद्या विणू लागल्या, पाडसे जगू लागली आणि वाढलेली जनावरे टप्प्याटप्प्याने बाहेर सोडण्यात आली. दुसरा उपाय अधिक कठीण आणि अधिक परिणामकारक ठरला. उद्यानातील सोंफसारखी काही गावे बाहेर हलविण्यात आली. सोडलेल्या शेतजमिनींवर काही पावसाळ्यांत पुरुषभर गवत उभे राहिले आणि बारशिंग्याच्या माद्या विण्यासाठी आपण होऊन तिकडे जाऊ लागल्या. कान्ह्याच्या नकाशात आज सोंफ हे नाव एका कुरणाचे आहे.

या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ही गावे बैगा आणि गोंड लोकांची होती. पिढ्यान्पिढ्या ज्या जमिनीवर नांगर फिरवला, ती जमीन सोडून जाणे कोणालाही सुखाचे नसते. नव्या ठिकाणी मिळालेली जमीन, पाणी आणि रान पूर्वीसारखे नसते. कान्ह्याचा बारशिंगा वाचला, त्याच्या किमतीचा मोठा भाग या कुटुंबांनी चुकता केला आहे, हे सरकारी प्रकाशनात लिहिण्यास संकोच वाटू नये.

१९७० सालचे ६६ प्राणी आज एक हजाराच्या वर गेले आहेत. १९८१ साली मध्य प्रदेशाने बारशिंग्याला राज्यप्राण्याचा मान दिला. परंतु हजार झाले म्हणून निश्चिंत होता येत नाही, कारण हे सर्व प्राणी दीर्घकाळ एकाच उद्यानात होते. एखादी साथ आली की सारेच एकदम धोक्यात. म्हणून २०१५ पासून काही बारशिंगे सातपुडा व्याघ्र प्रकल्पात नेण्यात आले, आणि तेथे पाडसे जन्माला आली. मार्च २०२३ मध्ये १९ बारशिंगे बांधवगडला पोहोचले.

नेण्याची पद्धत मोठी कौतुकाची आहे. हरणाला पकडणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. केवळ भीतीने आणि धावपळीने ते मरू शकते. म्हणून आफ्रिकेत रूढ असलेली ‘बोमा’ पद्धत वापरतात. नरसाळ्याच्या आकाराचे कापडी कुंपण रानात उभारायचे, त्याच्या रुंद तोंडापाशी प्राण्यांना काही दिवस निर्धास्तपणे चरू द्यायचे, आणि मग हलके हलके अरुंद टोकाकडे वळवून तेथे लावलेल्या वाहनात चढू द्यायचे. हात लावायचा नाही, दोर टाकायचा नाही. पेंचमधून कुनो आणि सातपुड्यात चितळ नेले, तेही याच रीतीने. नव्या ठिकाणी मात्र प्राण्याला ना पाणवठा ठाऊक, ना पळवाट. बांधवगडच्या बारशिंग्यांना म्हणूनच एकदम उघड्यावर न सोडता प्रथम कुंपणात ठेवले.

आता गव्याकडे वळू. हा प्राणी महाराष्ट्राला परका नाही. राधानगरी-दाजीपूरच्या रानात, मेळघाटात, ताडोब्यात तो आहे. कोल्हापूरकडच्या शेतकऱ्याला तर तो उसाच्या फडातही भेटतो. पूर्ण वाढलेल्या गव्यावर हल्ला करताना वाघही दहा वेळा विचार करीत असेल. परंतु १९६८ साली दक्षिणेतील बंदीपूर आणि मुदुमलईच्या जंगलांत अशा बलदंड गव्यांचे कळपच्या कळप आडवे झाले. वाघाने नव्हे, डोळ्यांना न दिसणाऱ्या विषाणूने. त्या रोगाचे नाव बुळकांडी. १९७६ साली कान्ह्यातील गव्यांतही हीच साथ शिरली.

या सभागृहातील ज्येष्ठ मंडळींना बुळकांडीची ओळख करून देण्याची गरज नाही. जनावराला सणसणून ताप, तोंडात व्रण, डोळ्यांतून-नाकातून गळती आणि मग दुर्गंधीयुक्त हगवण. चार-सहा दिवसांत खेळ खलास. एका गोठ्यात शिरली की साऱ्या गावाची दावण रिकामी होई. दावण रिकामी म्हणजे नांगर बंद, मोट बंद, दूध बंद. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा रोग आफ्रिकेत पोहोचला, तेव्हा तेथील गुरांबरोबर रानरेडे आणि थोरले हरिणवर्गीय प्राणीही लक्षावधींनी मेले, आणि इथिओपियात नांगराला बैल न उरल्यामुळे भीषण दुष्काळ पडला.

या रोगाविरुद्धच्या लढ्यात पुण्याचाही एक धागा आहे. जनावरांच्या रोगांच्या संशोधनासाठी सरकारने १८८९ साली पहिली प्रयोगशाळा काढली, ती पुण्यात. पुढे १८९३ मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. अशा सांसर्गिक रोगाचे काम दाट वस्तीपासून दूर करणे शहाणपणाचे होते. तेथेच १९२७ च्या सुमारास एडवर्ड्स यांनी हा विषाणू शेळ्यांतून पुनःपुन्हा पार करून सौम्य केला आणि त्यापासून लस सिद्ध झाली. स्वातंत्र्यानंतर १९५४ साली बुळकांडी निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. शीतपेटी खांद्याला लावून पायी वाडीवस्ती गाठणारे लस टोचक हे या मोहिमेचे खरे सैनिक. गावात शिरताच ‘टोचल्याने गाय आटते’ असे सांगणारा कोणी ना कोणी भेटेच. त्याची समजूत घालणे हाही कामाचाच भाग होता. देशातील शेवटची साथ १९९५ सालची. २००६ साली भारत या रोगाच्या संसर्गापासून मुक्त ठरला आणि २०११ साली साऱ्या जगातून बुळकांडीचे उच्चाटन झाल्याचे घोषित झाले. मनुष्याने पृथ्वीवरून पुसून टाकलेला देवीनंतरचा हा दुसरा रोग.

आता प्रश्न असा की, लस टोचली ती गुरांना; मग रानातला गवा कसा वाचला? याचे सर्वांत बोलके उत्तर आफ्रिकेतील टांझानियाच्या सेरेंगेटी मैदानावर मिळाले. तेथे वाइल्डबीस्ट नावाच्या रानप्राण्याचे कळप आहेत. १९६१ साली त्यांची संख्या सुमारे अडीच लाख होती. वर्षाच्या आतबाहेरची पिल्ले दरसाल मोठ्या संख्येने मरत. मैदानाभोवतीच्या गुरांना बुळकांडीची लस टोचण्यात आली, आणि थोड्याच वर्षांत रानातील प्राण्यांतूनही तो रोग नाहीसा झाला. एकाही रानप्राण्याला सुई लावलेली नव्हती. १९७७ पर्यंत वाइल्डबीस्ट सुमारे तेरा लाखांवर गेले. त्यांच्यावर जगणारे सिंह आणि तरसही वाढले. एवढ्या तोंडांनी गवत खाल्ल्यामुळे वणवे कमी झाले आणि झाडांची रोपे तग धरू लागली. हिंस्र पशू जेथल्या तेथेच असताना भक्ष्य पाचपट झाले, हा आकडा शिक्षकांनी वर्गात अवश्य सांगावा.

याचा अर्थ असा की, बुळकांडीचे घर रान नव्हतेच. लोकांची समजूत उलट होती. रोग जंगलातून येतो असे मानले जाई, आणि काही देशांत त्या समजुतीपोटी रानप्राण्यांच्या कत्तलीही झाल्या. प्रत्यक्षात रोग गोठ्यात मुक्काम करून होता आणि अधूनमधून रानात जाऊन येत होता. प्रत्येक रोगाची तऱ्हा अशी नसते, हेही सांगितले पाहिजे. काळपुळीचे जंतू मातीत अनेक दशके टिकून राहतात. लाळ-खुरकुताचे विषाणू अनेक प्रकारचे, त्यामुळे एकदा टोचून काम भागत नाही. खुरांत व्रण झालेला गवा लंगडतो, कळपाच्या मागे राहतो, आणि मग वाघाला दहा वेळा विचार करण्याचे कारण उरत नाही.

गव्याच्या बाबतीत बांधवगडची हकिकत थोडक्यात सांगण्याजोगी आहे. तेथील गवे १९९८ पर्यंत पूर्णपणे दिसेनासे झाले. त्यांचे ऋतुमानाप्रमाणे येण्याजाण्याचे मार्ग शेती आणि वस्तीने तुटले होते. २०११ व २०१२ या दोन वर्षांत कान्ह्यातून ५० गवे तेथे नेले. वाघांनी काही वासरे उचलली, पण कळप टिकला आणि वाढला. २०२५ मध्ये सातपुड्यातून आणखी गवे तेथे आणण्यात आले. एकाच रक्ताचे प्राणी आपसांतच वाढत गेले तर पुढे रोगाला तोंड देण्याची शक्ती कमी होते, म्हणून ही बेगमी.

गुरांनंतर गावातील दुसऱ्या जनावराचे, म्हणजे कुत्र्याचे, नाव घेतले पाहिजे. कुत्र्यांना होणारा डिस्टेंपर हा रोग बुळकांडी आणि माणसाचा गोवर यांच्याच कुळातील विषाणूचा. १९९४ साली सेरेंगेटीत या रोगाने सिंहांच्या एकूण संख्येपैकी सुमारे एक तृतीयांश, म्हणजे हजाराच्या घरात सिंह मेले. त्याआधीच्या दुष्काळात रानरेडे अशक्त होऊन गोचिडांनी भरले होते. ते खाऊन सिंहांना गोचिडतापाचीही लागण झाली आणि दोन रोग एकत्र आल्याने संहार वाढला, असे पुढील संशोधनात निष्पन्न झाले. सप्टेंबर २०१८ मध्ये गुजरातेतील गीरच्या दलखाणिया भागात काही आठवड्यांत २३ सिंह मृत्यू पावले, तेव्हा तपासणीत डिस्टेंपर आणि गोचिडताप ही दोन्ही नावे पुन्हा पुढे आली. आशियाई सिंह रानात फक्त गुजरातेत आहे. २०२५ च्या गणनेत त्यांची संख्या ८९१ भरली, ही आनंदाची गोष्ट. परंतु सारी पुंजी एकाच राज्यात ठेवलेली आहे ही चिंता तशीच आहे.

आपल्याकडे सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर संशोधकांनी गावकुत्र्यांचे रक्त तपासले, तेव्हा डिस्टेंपरसारख्या रोगांच्या संसर्गाच्या खुणा मोठ्या प्रमाणावर सापडल्या, आणि त्याच माळावरच्या खोकडांमध्येही आढळल्या. कुत्र्यांना लस टोचल्याने धोका पूर्णपणे टळतो असे नाही. सेरेंगेटीत लसीकरणानंतरही विषाणू रानात फिरत राहिल्याचे दिसले. परंतु कमी होतो, आणि पिसाळण्याच्या रोगापासून गावातील मुलांचे रक्षण होते ते वेगळेच.

दुसऱ्या देशातून आणून सोडलेल्या प्राण्यांपुढे कोणत्या अडचणी उभ्या राहतात, हे कुनोच्या चित्त्यांनी दाखवून दिले. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते तेथे आले. दक्षिण गोलार्धात जून-जुलै म्हणजे थंडी. सवयीप्रमाणे चित्त्यांच्या अंगावर हिवाळ्याची दाट लव आली, आणि येथे तेव्हा पावसाळा! ओल्या लवेखाली, गळ्यातील रेडिओ पट्ट्याखाली जखमा झाल्या, माश्यांनी अंडी घातली, अळ्या पडल्या आणि रक्तात विष भिनून जुलै-ऑगस्ट २०२३ मध्ये तीन चित्ते दगावले. वाघाने मारले नाही, बिबट्याने मारले नाही, माशीने मारले. बाहेर असलेल्या चित्त्यांना परत कुंपणात आणून औषधोपचार करण्यात आले, आणि पुढील वर्षापासून पावसाळ्यापूर्वीच परजीवींविरुद्ध औषध लावण्याची पद्धत पडली. बैलाच्या खांद्यावरील जखमेत पावसाळ्यात आसाडी पडू नये म्हणून आधीच काळजी घेणाऱ्या शेतकऱ्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

आता या सभेतील मंडळींच्या कामाचे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा आहे. त्यात १९९१ साली झालेल्या सुधारणेने ३३-अ हे कलम घालण्यात आले. अभयारण्यात किंवा त्याच्या पाच किलोमीटरच्या आत असलेल्या गुरांना सांसर्गिक रोगांविरुद्ध लस टोचण्याची व्यवस्था मुख्य वन्यजीव रक्षकाने केली पाहिजे, आणि लस न टोचलेली गुरे अभयारण्यात चारता येणार नाहीत, असे ते कलम सांगते. अनेक ग्रामपंचायतींना हे कलम आपल्यासाठी आहे याची कल्पना नसते. वन खाते म्हणते, गुरे पशुसंवर्धन खात्याची. पशुसंवर्धन खाते म्हणते, अभयारण्य वन खात्याचे. या दोन टेबलांच्या मध्ये कागद अडकतो तेव्हा तो सोडविण्याची जागा ग्रामसभा हीच आहे. घटसर्प आणि फऱ्या यांची लस पावसाळ्यापूर्वी टोचावी लागते. जुलैत मागणीपत्र लिहून उपयोग नाही. भाकड आणि मोकाट जनावरे दावणीला नसतात म्हणून यादीतून सुटतात, आणि रानात सर्वांत खोलवर चरायला जातात तीच.

रानात मेलेला प्राणी आढळला तर त्याच्या जवळ जाऊ नये, कातडी अथवा शिंगे काढू नयेत, कुत्र्यांना फिरकू देऊ नये आणि वनरक्षकाला ताबडतोब कळवावे. नाकातोंडातून काळसर, न गोठणारे रक्त आलेले जनावर, मग ते गवा असो वा गाय, मुळीच फाडू नये. ते काळपुळीचे असू शकते आणि हवा लागताच त्यातील जंतू बीजरूप धरून जमिनीत मुरतात. असे शव जाळावे किंवा खोल खड्ड्यात चुना घालून पुरावे, आणि ती जागा गावाच्या दप्तरात नोंदवून ठेवावी, म्हणजे पुढे कोणी तेथे पाणवठ्याचे तळे खोदणार नाही.